डेंग्यूच्या साथीत प्रभागासाठी नागरिक-नोंद ॲप: पहिल्या फोटोपासून पाणी ओतेपर्यंत

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या अंड्यातून अळी बाहेर पडायला एक-दोन दिवस लागतात, अळीचा कोष व्हायला साधारण पाच दिवस आणि कोषातून डास उडायला आणखी दोन. आपल्याकडच्या पावसाळी हवेत हा सगळा आठ-दहा दिवसांचा खेळ. नागरिकाला पिंपात अळ्या दिसतात तेव्हा त्यातले तीन-चार दिवस आधीच गेलेले असतात. म्हणजे फोटो आल्यापासून ते पाणी ओतलं जाईपर्यंत पाच दिवसांहून जास्त लागले, तर ती नोंद तक्रार राहत नाही, डासांचा जन्मदाखला होते.

साथीच्या काळात लोकांना सहभागी करून घेणारं ॲप उभारायचं तर प्रत्येक निर्णय या पाच दिवसांशी ताडून पाहावा. प्रश्न किती ठेवायचे, फोटो कोण तपासणार, कुणाला फोन जाणार, हे सगळं त्यावरून ठरतं. पुढची कृती साधारण दोन ते पाच हजार घरांच्या प्रभागासाठी किंवा मोठ्या गावासाठी आहे. सोसायट्यांचा महासंघ, ग्रामपंचायत, एखादं मंडळ आणि जवळचं आरोग्य केंद्र मिळून ती दहा दिवसांत उभी करू शकतात.

नवं ॲप बनवायला घेऊ नका

साथ आली की कुणीतरी उत्साही मंडळी स्वतःचं ॲप बनवायला बसतात. त्यात दोन अडचणी आहेत. पहिली प्ले स्टोअरची. नव्याने उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ परीक्षकांसह सलग १४ दिवस बंद चाचणी घ्यावी लागते. हे १४ दिवस म्हणजे डासांची दीड पिढी. दुसरी अडचण लोकांची. एका पिंपाची नोंद करण्यासाठी कुणी ४० एमबीचं ॲप उतरवत नाही, आणि उतरवलं तरी पुढच्या आठवड्यात काढून टाकतं.

त्यापेक्षा तयार साधन घ्या. मोबाइलवर माहिती गोळा करण्यासाठी ओडीके हे मुक्त साधन २००८ पासून वापरात आहे आणि त्याच घराण्यातलं कोबोटूलबॉक्स आपल्या कामाला जास्त सोयीचं आहे. त्यात फॉर्म बनवायला प्रोग्रॅमिंग लागत नाही आणि मराठीत सगळं लिहिता येतं. नागरिकासाठी साधी वेब लिंक मिळते, तर कर्मचाऱ्यांसाठी कोबोकलेक्ट हे ॲप मिळतं. नागरिकांना लिंक, कर्मचाऱ्यांना ॲप, ही वाटणी पक्की ठेवा. मोफत खात्यावर महिन्याच्या नोंदींची आणि साठवणीची मर्यादा असते. ती खातं उघडतानाच पाहून घ्या, कारण ती भरते नेमकी साथीच्या ऐन भरात.

फॉर्मच्या आधी माणसं

इथे घाई केली की पुढे सगळं कोसळतं. नोंदी येणार म्हणजे त्या बंद करणारी माणसं हवीत. हिशोब सोपा आहे. एका ठिकाणी जाऊन, घरमालकाला गाठून, पाणी उपसून परत यायला १५ मिनिटं धरली, तर सहा तासांत एक कर्मचारी २४ ठिकाणं करतो. तीन कर्मचारी असतील तर दिवसाला ७२. पहिल्या रविवारी ३०० नोंदी आल्या, तर शेवटच्या माणसाकडे पोचायला कामाचा पाचवा दिवस उजाडणार. तोवर त्याचा पाच दिवसांचा काळ जवळजवळ संपलेला असेल.

म्हणून आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी किंवा आरोग्य निरीक्षकाशी आधी बोलून तीन गोष्टी लेखी ठरवा: रोज किती कर्मचारी-तास मिळतील, अळीनाशक टाकणं आणि गप्पी मासे सोडणं कुणाकडे, आणि ऐकत नसलेल्या मालकाला नोटीस कोण देणार. नोटिशीचा अधिकार मंडळाला नाही, तो पालिकेचा. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नसेल तर बांधकामाच्या जागांच्या नोंदी घेऊच नका. लोकांनी नोंद करायची आणि महिनाभर काहीच घडायचं नाही, असं एकदा झालं की तीच माणसं दुसऱ्यांदा लिंक उघडत नाहीत.

तुमच्या बाजूने किमान दोन जण लागतील: एक रोज सकाळी नोंदी तपासणारा, दुसरा त्याच्या सुट्टीचा. एका नोंदीचा फोटो पाहून निर्णय घ्यायला दोन मिनिटं लागतात. १०० नोंदींना तीन तासांहून जास्त. हे काम रात्री दहाला थकून करायचं नाही.

फॉर्ममध्ये काय विचारायचं

आठ-नऊ प्रश्न, दीड मिनिट. त्यापुढे माणूस सोडून जातो. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी पाण्याबद्दल, शेवटी माणसाबद्दल. पहिल्याच पडद्यावर नाव-फोन मागितला की निम्मे जण तिथूनच परततात.

१. पाणी कशात साठलं आहे? (पिंप-बादली-रांजण / कुंडीखालची बशी, मनी प्लँट / फ्रिजमागचा ट्रे, कूलर / टायर, करवंटी, भंगार / जमिनीतला हौद / गच्चीवरची टाकी / लिफ्टचा खड्डा / बांधकामाची जागा / गटार, नाला)
२. पाण्यात काय दिसतं? (वळवळणाऱ्या अळ्या / स्वल्पविरामासारखे, हात लावताच झरकन खाली जाणारे कोष / दोन्ही / काहीच नाही)
३. हे पाणी तुम्हाला आत्ता ओतता येईल का? (ओतलं आणि भांडं घासलं / ओतता येत नाही / जागा माझी नाही)
४. फोटो.
५. गल्ली किंवा इमारत. यादीतून निवडा.
६. नकाशावरची जागा.
७. आज घरात आणि घराभोवती पाणी असलेली किती भांडी तपासली? त्यातल्या कितींत अळ्या किंवा कोष होते?
८. काम झाल्यावर कळवायला मोबाइल नंबर. ऐच्छिक.

दुसऱ्या प्रश्नात कोष मुद्दाम वेगळे विचारले आहेत. अळी असेल तर तुमच्याकडे काही दिवस आहेत. कोष असेल तर एक-दोनच. कोष खात नाही, त्यामुळे अळीने खाल्ल्यावर काम करणारी जैविक औषधंही त्यावर चालत नाहीत. कोषाची नोंद रांगेत सर्वांत पुढे जाते, बाकी काही असो.

तिसरा प्रश्न तर साऱ्या यंत्रणेचा कणा आहे. घरगुती भांड्यातलं पाणी ओतायला सरकारी माणूस लागत नाही. नागरिकाने तिथेच ओतलं की नोंद आपोआप बंद होते आणि कर्मचाऱ्याची फेरी वाचते. मात्र उत्तरात ‘आणि भांडं घासलं’ हे शब्द ठेवाच. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. नुसतं ओतलं तर अंडी तिथेच राहतात आणि पुढच्या वेळी पाणी भरलं की फुटतात. आतली बाजू काथ्याने किंवा घासणीने खसखसून काढायची, आणि पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर किंवा उन्हातल्या फरशीवर. हे दोन वाक्यांत त्या प्रश्नाखालीच लिहा.

‘गटार, नाला’ हा पर्याय का ठेवला? कारण नाही ठेवला तर लोक गटाराचे फोटो ‘इतर’मध्ये टाकतात. तुंबलेल्या घाण पाण्यात बहुतेक वेळा क्युलेक्स डास वाढतो. तो डेंग्यू पसरवत नाही. डेंग्यूचा डास तुमच्या घरातल्या स्वच्छ पाण्यात आहे, हे पटायला लोकांना वेळ लागतो. त्या पर्यायावर टिचकी मारताच ‘ही तक्रार पालिकेच्या स्वच्छता विभागाकडे करा’ एवढी सूचना येऊन फॉर्म तिथेच संपेल, अशी स्किप लॉजिक लावा.

‘धूर फवारणी हवी’ असा पर्याय मात्र देऊ नका, कितीही मागणी होवो. धूर उडत्या डासाला लागला तरच तो डास मरतो. पाण्यातल्या अळीला त्याने काही होत नाही. फवारणी कुठे आणि कधी हे रुग्णांच्या ठिकाणांवरून आरोग्य खातं ठरवतं. ते बटण दिलंत की तुमचं ॲप आठवड्यात धुराच्या अर्जांची खिडकी होऊन बसेल.

सेटिंग्ज: एक बटण चुकलं तर

कोबोमध्ये फॉर्म ‘डिप्लॉय’ (म्हणजे वापरासाठी खुला) केल्यावर शेअरिंगच्या भागात दोन-तीन बटणं जवळजवळ दिसतात. युजरनेम-पासवर्डशिवाय नोंद पाठवू देणारं बटण चालू हवं. ते बंद राहिलं तर नागरिकाला लॉगिनचा पडदा दिसतो आणि तो परत जातो. त्याच्या शेजारचं, आलेल्या नोंदी कुणालाही पाहू देणारं बटण मात्र कायम बंद. हे चुकून चालू झालं तर लिंक असलेल्या कुणालाही सगळ्यांचे मोबाइल नंबर आणि घरांच्या जागा दिसतात. डिप्लॉय केल्यावर दुसऱ्या फोनवर, लॉगिन न करता, स्वतः लिंक उघडून दोन्ही गोष्टी तपासा.

वेब लिंकचे प्रकारही निवडायचे असतात. ऑनलाइन-ऑफलाइन प्रकार घ्या. एकदा उघडलेला फॉर्म नंतर रेंज नसतानाही भरता येतो आणि नोंद ब्राउझरमध्ये थांबून राहते. यातला खड्डा असा की, ब्राउझरचा डेटा पुसला किंवा लिंक इन्कॉग्निटो खिडकीत उघडली होती, तर थांबलेली नोंद नाहीशी होते. तळघरात लिफ्टच्या खड्ड्याची नोंद भरणाऱ्यांना वर येऊन तेच पान पुन्हा उघडायला सांगा.

प्रश्न सातला मर्यादा घाला: अळ्यांची भांडी ही तपासलेल्या भांड्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत, आणि तपासलेली ५० च्या वर नाहीत. व्हॅलिडेशनमध्ये हे दोन नियम लावले की दोन्ही रकान्यांत मोबाइल नंबर टाकणारे तिथेच अडतात. हसू येईल, पण असं होतं.

इमारतीचं नाव लिहायला मोकळी जागा देऊ नका. ‘श्री गणेश सोसा.’, ‘श्रीगणेश सोसायटी’ आणि ‘गणेश बिल्डिंग, बी विंग’ ही तिन्ही एकाच इमारतीची नावं आहेत हे तुम्हाला कळतं, तक्त्याला कळत नाही. प्रभागातल्या गल्ल्या आणि इमारतींची यादी आधी करा, शोधता येईल अशा स्वरूपात लावा आणि शेवटी ‘यादीत नाही’ ठेवा. यादी करायला एक पूर्ण दिवस जातो. तो वसूल होतो.

फोटो आणि जागा

अळ्यांचा फोटो पिंपात वाकून काढला की काळं पाणी आणि फोनचं प्रतिबिंब एवढंच येतं. वाटीभर पाणी पांढऱ्या बशीत घ्यायचं, खिडकीजवळ ठेवायचं, फ्लॅश बंद, आणि वीतभर अंतरावरून काढायचं. पांढऱ्यावर अळी दोऱ्याच्या तुकड्यासारखी स्पष्ट दिसते. अळ्या बशीत घेण्याआधी भांड्यातच तिरक्या, डोकं खाली करून लटकलेल्या दिसल्या तर एडिस किंवा क्युलेक्स. पृष्ठभागाला समांतर पहुडलेल्या असतील तर हिवतापाचा ॲनॉफिलीस. तीही कामाची नोंद आहे, फक्त वेगळ्या रंगाने दाखवा. एडिस की क्युलेक्स हे मोबाइलच्या फोटोवरून खात्रीने सांगायला कुणी जाऊ नये. भांडं कोणतं आणि पाणी कसं यावरून अंदाज बांधायचा, खात्री कीटकतज्ज्ञ करतील.

फोटोच्या प्रश्नात कमाल आकार १०२४ पिक्सेल ठेवा. एवढ्या फोटोला साधारण २०० केबी लागतात, म्हणजे १ जीबीमध्ये पाच हजार फोटो मावतात. तेच मूळ आकाराचे ४ एमबीचे फोटो अडीचशेत ती जागा भरतील. व्हिडिओ नको. दहा सेकंदांचा व्हिडिओ १५-२० एमबी होतो आणि शंभरी गाठायच्या आत खातं तुंबतं.

‘फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका’ हा सोपा वाटणारा मार्ग टाळा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि त्यातली जागेची माहिती गळून पडते. वर तोच फोटो चार ग्रुपांतून फिरून चार वेगळ्या इमारतींच्या नावाने परत येतो. ग्रुपवर लिंक टाका, फोटो घेऊ नका.

जीपीएसवर फार विसंबू नका. गच्चीवर पाच मीटरची अचूकता मिळते; चाळीच्या मधल्या खोलीत तीच ३०-५० मीटरवर जाते, आणि मजला तर जीपीएस सांगतच नाही. कर्मचाऱ्यांच्या कोबोकलेक्टमध्ये मूळ सेटिंग पाच मीटरची अचूकता मिळेपर्यंत थांबतं, म्हणून माणूस जिन्यात फोन धरून उभा राहतो. ती मर्यादा २० मीटर करा. इमारतीचं नाव यादीतून आलेलं असल्याने तेवढं पुरतं. नोंदी तपासताना अक्षांश-रेखांश शून्य आलेल्या किंवा प्रभागाबाहेर पडलेल्या वेगळ्या काढा. पुण्याच्या नोंदीचे आकडे साधारण १८.५ आणि ७३.८५ च्या आसपास हवेत. बिंदू नाशिकला दिसत असेल तर माणसाने नोंद प्रवासात पाठवली आहे.

रोजची छाननी

कोबोच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीला मंजूर, नामंजूर किंवा थांबवलेली असा शिक्का देता येतो. सकाळी नऊला बसा आणि याच क्रमाने चाला: कोष असलेल्या, मग ‘ओतता येत नाही’, मग ‘जागा माझी नाही’, आणि शेवटी स्वतः ओतून बंद केलेल्या. शेवटच्या गटातल्या दहातल्या एका नोंदीला फोन करून खातरजमा केली तरी पुरे.

एकाच इमारतीतून, एकाच प्रकारच्या भांड्याची, सात दिवसांत दुसरी नोंद आली तर ती पुनरावृत्ती समजा. ती पुसू मात्र नका, पहिलीला जोडा. एकाच हौदाबद्दल सहा वेगळ्या घरांनी कळवलं, तर तो हौद कर्मचाऱ्याच्या यादीत वर जायला हवा. नोटीस देताना आरोग्य निरीक्षकाला हाच आकडा लागतो.

मंजूर नोंदी साध्या स्प्रेडशीटमध्ये उतरवा. रकाने पाच: नोंद क्रमांक, आल्याची तारीख, शेवटची तारीख, कुणाकडे दिली, बंद झाल्याची तारीख. शेवटची तारीख म्हणजे अळीसाठी आल्याची तारीख अधिक चार, कोषासाठी अधिक एक. उलटली की ओळ लाल व्हावी असं सूत्र लावा. रोज संध्याकाळी लाल ओळी किती हा एकच आकडा वैद्यकीय अधिकाऱ्याला पाठवायचा. एकूण नोंदी किती आल्या हा आकडा बैठकीत मिरवायला बरा असतो, पण त्यावरून काम चाललंय की नाही ते कळत नाही.

बंद करताना कर्मचारी दुसरा फोटो काढतो: त्याच जागेचा, त्याच कोनातून, रिकामं किंवा झाकलेलं भांडं. लाहोरमध्ये २०११ च्या मोठ्या साथीनंतर पंजाब प्रांताच्या सरकारने कर्मचाऱ्यांच्या फोनवर हीच पद्धत बसवली होती, आधीचा आणि नंतरचा फोटो जागेसकट. हौदासारखं पाणी ओतता येत नसेल तर अळीनाशक किंवा गप्पी मासे आरोग्य कर्मचाऱ्यानेच सोडायचे. प्रमाण पाण्याच्या घनफळावर ठरतं. नागरिकांना औषधाच्या बाटल्या वाटू नका, पिण्याच्या पाण्यात तर मुळीच नाही. टाकीच्या हवेच्या नळीला जाळी आणि झाकण घट्ट, एवढं त्यांच्याकडून करून घ्या.

ज्याने नंबर दिला आहे त्याला बंद झाल्याचा निरोप त्याच दिवशी जावा, नोंद क्रमांकासकट. हे एक वाक्य पुढच्या दहा नोंदी आणतं. स्पेनमध्ये २०१४ पासून चालणाऱ्या ‘मॉस्किटो अलर्ट’मध्ये नागरिकाच्या फोटोवर कीटकतज्ज्ञांचा शेरा त्यालाच परत मिळतो. तिथे २०१८ साली अस्तुरियास भागात एडिस जापोनिकस हा त्या देशात आधी न सापडलेला डास पहिल्यांदा एका नागरिकाच्या नोंदीतूनच हाती लागला. उत्तर मिळतं म्हणून लोक नीट फोटो काढतात.

नकाशा वाचताना

सात क्रमांकाचा प्रश्न लोकांना निरर्थक वाटतो. अळ्या नसलेली भांडी कशाला मोजायची? कारण त्याशिवाय तुलना होत नाही. एका आठवड्यात १२० घरांनी तपासणी कळवली, त्यातल्या ९ घरांत अळ्या निघाल्या, पाणी असलेली भांडी ४८० आणि अळ्यांची १२, असं धरा. घर निर्देशांक ९ भागिले १२० गुणिले १००, म्हणजे ७.५. भांडी निर्देशांक १२ भागिले ४८० गुणिले १००, म्हणजे २.५. ब्रेटो निर्देशांक म्हणजे शंभर घरांमागे अळ्यांची भांडी: १०. पुढच्या आठवड्यात नोंदी दुप्पट झाल्या पण ब्रेटो ६ वर आला, तर परिस्थिती सुधारली आहे, फक्त लोक जास्त कळवू लागले आहेत. छेद नसता तर तुम्ही घाबरून गेला असता.

म्हणून ‘आज तपासलं, काही नाही’ ही नोंदही मागा आणि तिचा दिवस ठरवा. पालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतातच. त्याच सकाळी लिंक पाठवा. ऑस्ट्रेलियात २००६ पासून चालणारं ‘फ्लूट्रॅकिंग’ हे फ्लूच्या लक्षणांचं सर्वेक्षण हेच करतं: आठवड्यातून एक निरोप, दोन-तीन प्रश्न, आणि आजारी नसलेल्यानेही उत्तर द्यायचं.

तरीही हे निर्देशांक सरकारी सर्वेक्षणाच्या शेजारी बसवू नका. जो माणूस हौसेने फॉर्म भरतो त्याचं घर बहुधा आधीच स्वच्छ असतं. आणि नकाशावर जो कोपरा कोरा दिसतो तिथे डास नाहीत असं नव्हे, तिथे फोन कमी आहेत. वस्तीत नळाला दोन दिवसांआड पाणी येतं, म्हणून पिंपं जास्त, आणि नेमक्या तिथूनच नोंद येत नाही. त्या कोऱ्या कोपऱ्यांत आशाताईंसोबत दर पंधरा दिवसांनी दर दहाव्या घराची तपासणी करा आणि फॉर्म तुम्हीच भरा. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी एक मिस्ड कॉल नंबर आणि दुकानात ठेवलेली कागदी चिठ्ठी, प्रश्न त्याच क्रमाने.

तापाची नोंद वेगळी

तापाचा फॉर्म वेगळा ठेवा, अळ्यांच्या फॉर्मला जोडू नका. त्यात चारच गोष्टी: वयोगट, ताप किती दिवस, डॉक्टरांना दाखवलं का, आणि गल्ली. नाव नाही, तपासणीचा अहवाल नाही, नेमकी जागाही नाही. डेंग्यू झाला की नाही हे ॲपने सांगायचं नाही. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ एलायझा आणि त्यानंतर आयजीएम एलायझा, या दोन चाचण्या खात्रीसाठी असतात. त्यांचे निकाल प्रयोगशाळेकडून सरकारी एकात्मिक रोग सर्वेक्षणात जातात, तुमच्याकडून नव्हे.

एका आठवड्यात एका गल्लीतून तीन किंवा जास्त ताप कळले तर आरोग्य केंद्राला त्याच दिवशी फोन करा. मात्र तापाचा नकाशा जुनी गोष्ट सांगतो: आज ताप आलेल्या माणसाला डास चावला तो चार ते दहा दिवसांपूर्वी. येत्या आठवड्याचं काय, ते अळ्यांच्या नकाशात दिसतं. दोन्ही एकावर एक ठेवून पाहा. तापाची गल्ली आणि तिच्या भोवतालच्या शंभर-दोनशे मीटरमधल्या अळ्या, ही उद्याची पहिली फेरी. हा डास सहसा त्यापलीकडे उडत नाही.

फॉर्मच्या शेवटच्या पडद्यावर धोक्याच्या खुणा ठळक अक्षरांत द्या: पोटात तीव्र दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, सुस्ती किंवा बेचैनी, लघवी कमी होणं. ताप उतरतो तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, धोका वाढतो. ‘ताप गेला, बरं वाटेल’ म्हणून घरी थांबू नका. तापाला पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. सल्ल्यासाठी १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८.

लोकांनी दिलेली माहिती

सिंगापूरने मार्च २०२० मध्ये ‘ट्रेसटुगेदर’ हे कोविड रुग्णांचे संपर्क शोधणारं ॲप आणलं तेव्हा माहिती फक्त संपर्क शोधायला वापरू असं सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये ती पोलीस तपासालाही मिळू शकते हे बाहेर आलं, गदारोळ झाला आणि वापरावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. आपल्याकडच्या ‘आरोग्य सेतू’बद्दलही पहिला वाद माहिती किती दिवस ठेवणार यावरच झाला, २ एप्रिल २०२० ला ॲप आलं आणि १८० दिवसांची कालमर्यादा सांगणारी नियमावली ११ मे रोजी. क्रम उलटा हवा होता.

तुमचा फॉर्म लहान आहे, पण जबाबदारी तीच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती स्पष्ट आणि ठरावीक कारणापुरती असावी लागते, ती मागे घेता यावी लागते, आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. शाळेतली मुलं अळ्या शोधण्यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात. त्यांच्यासाठी मोबाइल नंबराचा प्रश्न दिसणारच नाही असा फॉर्म ठेवा. संमतीचा मजकूर चार ओळींत संपवा: काय घेतो, कशासाठी, कोण पाहतं, कधी पुसतो. फोटोत माणसांचे चेहरे किंवा दारावरची पाटी नको, हेही तिथेच.

सार्वजनिक नकाशावर अक्षांश-रेखांश तीन दशांश स्थळांपर्यंतच दाखवा. त्याने बिंदू शंभरेक मीटरच्या चौकोनात विरघळतो. गल्ली कळते, घर कळत नाही. चार स्थळं ठेवलीत तर अकरा मीटर, म्हणजे सरळ कुणाचं तरी दार. कुणाच्या घरात अळ्या निघाल्या याची यादी सोसायटीच्या फलकावर लावण्याचा मोह काही सचिवांना होतो. एकदा लावली की पुढच्या वेळी कुणी दार उघडत नाही.

सुरुवात आणि शेवट

आधी २० घरांत दोन दिवस चालवून पाहा. त्यात एक आजी, एक वॉचमन आणि एक दहावीतलं पोर असू द्या. प्रश्न कुठे अडतो ते त्यांच्याकडूनच कळतं. ‘कोष’ हा शब्द बहुतेकांना समजत नाही, चित्र लावावं लागतं. मग लिंकचा क्यूआर छापा. जितक्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या दहाव्या भागाएवढी बाजू हवी: मीटरभरावरून दहा सेंटिमीटर. लॅमिनेशन चकचकीत नको, जिन्यातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडून स्कॅन होत नाही. चांगल्या जागा म्हणजे लिफ्टची आतली बाजू, किराणा दुकानाचा गल्ला, पाण्याच्या मीटरची खोली.

फॉर्म मधेच बदलायचा झाला तर प्रश्नाचे शब्द बदला, पर्याय काढून टाकू नका. जुन्या नोंदींची तुलना बिघडते.

थंडी पडून नोंदी विरळ झाल्या की फॉर्म आर्काइव्ह करा आणि सगळे क्यूआर उतरवा, नाहीतर जानेवारीत कुणीतरी बंद लिंक उघडून बसतं. सांगितलेल्या दिवशी मोबाइल नंबर पुसा: कोबोतून, स्प्रेडशीटमधून आणि ज्यांनी ती डाउनलोड केली त्यांच्या लॅपटॉपमधूनही. उरलेल्या नोंदींतून ज्या जागा हंगामात तीन किंवा जास्त वेळा आल्या त्यांची यादी काढून आरोग्य केंद्रात द्या. एडिसची अंडी कोरड्या भांड्याच्या भिंतीवर कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे त्या टाक्या, हौद आणि टायरांचे ढीग मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या आधी, घासून झाकायचे असतात.